वाटून घेतलेली कळ

पाचाला दहा मिनिटं कमी असताना समाजमंदिराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा, आणि आत सतरंजीवर पट्ट्यांचा. बायका आत यायच्या, तोंड दुसरीकडं फिरवायच्या, ढिगात हात घालायच्या आणि हाताला लागेल तो पट्टा उचलायच्या. तसा दंडकच होता. आज तुझ्या पाठीवरचा पट्टा उद्या माझ्या पाठीवर, परवा तिसरीच्या. पट्ट्यावर ना नाव होतं, ना आकडा.

"हे कमरेला बांधायचं?" शाहीननं विचारलं. ती मुल्लांची धाकटी सून. दोन बाळंतपणांनंतर ती बुरख्याच्या आतसुद्धा पोट ओढून धरून चालायची. आज ती पहिल्यांदाच आली होती.

"कमरंला न्हवं, मणक्यावर," गंगव्वा म्हणाली. गंगव्वा वर्गातली सगळ्यांत थोरली. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कांड्या भरून तिची पाठ विळ्यासारखी वाकली होती. आता ती जरा सरळ व्हायला लागली होती. "गार लागंल. वरडू नको."

"मला पाच उठाबशासुद्धा येत नाहीत, आधीच सांगते. हसायचं नाही."

"हसतंय कोण? तुझ्या वाटचं दमायचं आमाला हाय."

शाहीनला ते कळलं नाही, तेव्हा वैजाक्का पुढं झाल्या. वैजयंता शिंगाडे हे त्यांचं पूर्ण नाव, पण इचलकरंजीच्या त्या भागात त्यांना सगळे वैजाक्काच म्हणत. एके काळी त्या जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळल्या होत्या. पन्नाशी उलटली तरी मांड्या लाकडासारख्या होत्या. हा वर्ग त्यांनीच उभा केलेला.

"हा सहपट्टा," त्यांनी शाहीनच्या पाठीवर पट्टा दाबून बसवला. "अंगाला शीण झाला, कुठं दुखलं, की त्याची खबर मणक्यातून डोक्याकडं जाते. पट्टा ती खबर मधेच वाचतो. तिचे चोवीस वाटे करतो आणि आपल्या चोवीस जणींच्या पाठीवर एकेक वाटा ठेवतो. तुझ्याकडं तुझा एकच वाटा राहतो. बाकीचं तुला लागतच नाही."

"म्हणजे माझं दुखणं तुम्हाला?"

"चिमूटभर. आणि आमचं चिमूटभर तुला."

शाहीननं त्या दिवशी चाळीस उठाबशा काढल्या. एकेचाळिसाव्याला ती थांबली, ती दमून नव्हे. समोरच्या भिंतीला लावलेल्या लांबलचक आरशात तिला ताठ उभी असलेली एक बाई दिसली होती, आणि तिच्यावरून तिची नजर हलेना.

अशा आरशासमोर थांबलेल्या बायका वैजाक्कांनी बऱ्याच पाहिल्या होत्या. त्यासाठीच तर त्या पट्टे बनवणाऱ्या कंपनीशी भांडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं पहिली यंत्रं पाठवली, तेव्हा भिंतीवर पडदा होता. पडद्यावर प्रत्येकीचं नाव, वजन, छातीचे ठोके. जनाबाईचं नाव तांबडं होऊन लुकलुकायला लागलं, तसं कुणीतरी फिदकन हसलं. जनाबाई मागच्या दारानं गेली ती पुन्हा आली नाही. वैजाक्कांनी दुसऱ्या दिवशी पडदा उतरवला आणि कंपनीला निक्षून कळवलं: नाव नको, आकडा नको, कोण कमजोर आणि कोण दणकट हे कुणालाच कळता कामा नये. कंपनीनं ऐकलं. वर्ग बाराचा चोवीस झाला.

गेल्या महिन्यात कंपनीनं फक्त वेळ बदलली, साडेसहाची पाच केली. कारण कुणी विचारलं नाही. बायकांनी कांड्यांचं काम मागंपुढं करून घेतलं.

शाहीन आल्याला चार दिवस झाले होते. तिसावी उठाबशी चालू होती आणि वैजाक्कांच्या जबड्यात बारीकशी कळ आली. घासात खडा यावा तशी. पाठोपाठ डाव्या दंडाला मुंग्या चढल्यासारखं झालं. त्यांनी हात गालाकडं नेला आणि आरशात पाहिलं. चोवीस बायकांचे चोवीस हात एकाच वेळी गालाकडं गेले होते.

हशा पिकला.

"कुणी शिळी मिसळ खाल्ली गं?" विमल कोष्टी म्हणाली. "आमच्यापातुर आली."

"दाढ किडली असंल कुणाची," गंगव्वा म्हणाली. "घरला जाऊन लवंग धरा समद्याजणी."

वैजाक्कासुद्धा हसल्या. पण दुसऱ्या दिवशी कळ विसाव्या उठाबशीलाच आली, आणि तिसऱ्या दिवशी नुसते हात वर केल्यावर. वैजाक्कांचे वडील असेच जबडा धरून बसले होते, दाढ दुखते म्हणत, आणि बसल्या जागी गेले होते. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच हिशेब फिरत राहिला. मला खड्याएवढं दुखतंय, तर जिचं आहे तिचं चोवीसपट आहे. आणि तिलाही खड्याएवढंच कळतंय.

सकाळी त्यांनी कंपनीच्या मृण्मयीला फोन लावला. ही पुण्याची पोरगी पट्टे दुरुस्त करायला यायची.

"कुणाचं दुखणं आहे ते सांग मला."

"ते कळत नाही, ताई. कणकेत मीठ मळलं की ते पुन्हा वेगळं काढता येत नाही, तसं आहे हे. नाव कुठंच साठवत नाही आपण. तुम्हीच तसं करून घेतलंत."

"छातीचं दुखणं आणि मांडीचं दुखणं यंत्राला वेगळं कळत नाही?"

"यंत्राला दुखणं कळत नाही. ते फक्त वाटून देतं. पट्टा काढला तर दोन मिनिटांत ज्याचं त्याच्याकडं जातं. भूल उतरते तसं."

त्या संध्याकाळी वैजाक्कांनी पट्ट्यांच्या ढिगावर चादर टाकली आणि बायकांना गोल बसवलं. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आज पट्ट्याविना दोन पावलं चालू. जिचं आहे तिला कळेल. तिला लगेच दवाखान्यात नेऊ."

कुणी उठलं नाही.

"पट्ट्याबिगार मी म्हंजे परत ती जुनी विमल," विमल कोष्टी खाली बघत म्हणाली. "जिना चढताना धापा टाकणारी. मला न्हाई बघायची ती."

"कुणाचं का असंना," गंगव्वा म्हणाली. "चोवीसजणी हाय आपण. उचलू की."

"दुखणं उचललंय आपण, गंगव्वा. रोग तिच्याकडंच आहे."

मागून कुणीतरी हळूच पुटपुटलं, "नवीन मानूस आल्यापासनं चालू झालं हे."

शाहीनचा चेहरा उतरला. मग तिनं ओढणी खोचली आणि ती उठून उभी राहिली. "मग माझ्यापासून सुरू करा. माझंच निघालं तर मी एकटी जाईन, मला दारापर्यंत सोडायला कुणी येऊ नका."

तिच्या त्या बोलण्यातून वैजाक्कांना मार्ग सुचला. सगळ्यांनी पट्टे बांधायचे आणि जागच्या जागी सावकाश पावलं टाकायची, देवळात प्रदक्षिणा घालतो तेवढ्याच चालीनं, जास्त नाही. कळ आली की एकेकीनं पट्टा काढून बाजूला बसायचं. जिचा पट्टा निघाल्यावर बाकीच्यांची कळ थांबेल, ती तिची. धोका होताच. कळ शोधायची तर ती आधी आणावी लागणार होती. रिक्षावाल्याला त्यांनी दारात थांबवून ठेवलं.

पावलं सुरू झाली. शंभराच्या आतच कळ आली. वैजाक्कांनी मान हलवली, शाहीननं पट्टा काढला.

"हाय अजून," विमल म्हणाली. तिचा आवाज पडला होता, कारण मघाची पुटपूट तिचीच होती. "शाहीनभाभी, बसा. पानी प्या."

मग एकेक बसत गेली. प्रत्येकीचा हात पट्ट्याच्या बकलावर गेला की बाकीच्या तिच्या तोंडाकडं बघत. पट्टा निघायचा, कळ राहायची, आणि बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. सुटल्याचं, आणि सुटल्याची लाज वाटल्याचं. गंगव्वाची पाळी आली तेव्हा दोघीजणी आपणहून तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या. साऱ्यांच्या मनात तीच होती.

"काय मढं उचलायला आल्यावानी हुबं ऱ्हायलाय?" गंगव्वा म्हणाली आणि तिनं पट्टा काढला.

कळ तशीच होती.

शेवटी गोलाच्या मध्ये वैजाक्का एकट्या पावलं टाकत राहिल्या. तेवीस बायका भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत होत्या. म्हणजे माझीच, त्यांनी मनाशी म्हटलं. मनात भीती होती, पण थोडं हलकंही वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगावं लागणार नव्हतं. आता वाटेकरी कुणी उरलं नव्हतं. जे काय आहे ते पूर्णच्या पूर्ण अंगावर येणार, म्हणून त्यांनी दात आवळले.

काहीच आलं नाही. कळ होती ती घासातल्या खड्याएवढीच. चोवीसजणी असताना होती तेवढीच, आता एकटी असतानाही.

हा हिशेब चुकत होता. त्यांची असती तर चोवीसपट झाली असती. दुसऱ्या कुणाची असती तर थांबली असती. वैजाक्का उभ्या जागी थबकल्या, पट्टा तसाच ठेवून त्यांनी मृण्मयीला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पोरी, खरं सांग. हे वाटे कितीजणींत होतात?"

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"गेल्या महिन्यापासून आठ गावांचे वर्ग जोडलेत, ताई. म्हणून तर सगळ्यांची वेळ पाच केली. लोक जास्त तेवढा वाटा लहान. बायका खूश राहतात."

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"मला सांगू नको म्हणाले."

"किती बायका?"

"दोनशे सहा."

भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी तोंडात पदर कोंबला. दोनशे सहावा वाटा खड्याएवढा लागत होता. ते सगळं दुखणं एका बाईच्या छातीत होतं. आणि ती बाई वैजाक्का स्वतः नसतील, तर या घटकेला, बाकीच्या सातांतल्या कुठल्यातरी गावात, आरशासमोर हसत उठाबशा काढत होती.

"शिकवणाऱ्या बायांचे नंबर दे. सातही दे."

बायका उठल्या. विमलनं नंबर लिहून घेतले, शाहीननं आपला फोन काढला, आणि चार फोनांवरून चौघीजणी बोलायला लागल्या. निपाणीची बाई म्हणाली, आमच्याकडं पण होतंय, पित्त असंल. जतची म्हणाली, आम्ही ओव्याचं पाणी सुरू केलंय. पट्टे काढा म्हटल्यावर सगळ्याच का-कू करत होत्या. गंगव्वानं शाहीनच्या हातून फोन घेतला आणि निपाणीच्या बाईला कन्नडमधून असं काही सुनावलं की तिथले पट्टे लगोलग निघाले. वैजाक्का पट्टा बांधून पावलं टाकतच होत्या. आता ती कळ फक्त त्यांच्या पाठीवरून मोजता येत होती. निपाणी झालं, कळ होती. जत झालं, होती. तासगाव, होती, वाटेकरी घटले तशी थोडी चढलेलीच.

विट्याच्या हेमलतानं सहाव्या घंटीला फोन उचलला. मागं ढोलकीचं गाणं मोठ्यानं वाजत होतं. वैजाक्कांनी चार वाक्यांत सांगितलं.

"पट्टे काढा गं सगळ्याजणी," हेमलता तिकडं ओरडली. "काढा म्हणते ना, सुलभा, तू पण."

गाणं बंद झालं. बकलांचा टकटक आवाज आला. आणि वैजाक्कांचा जबडा एकदम मोकळा झाला. दंडाच्या मुंग्या गेल्या. इतकं बरं वाटलं की त्यांच्या अंगावर काटा आला.

"तुमच्यात आहे," त्या म्हणाल्या. "हेमलता, ऐक. दोन मिनिटं आहेत तुझ्याकडं. दोन मिनिटांत ते सगळं तिच्या एकटीवर उतरणार. कुणालातरी एकशे आठला फोन लावायला सांग. आणि बघ, कोण आहे ती."

फोनमधून पावलांचे आवाज आले, कुजबूज आली, कुणाचं तरी हसणं आलं. इथं हॉलमध्ये तेवीस बायका फोनभोवती दाटीनं उभ्या होत्या. कुणीही हात खाली सोडला नव्हता. सगळ्यांनी एकमेकींचे दंड धरले होते.

"विचारलं, आक्का," हेमलता धापा टाकत म्हणाली. "एकेकीला विचारलं. तीसच्या तीस म्हणतात, मला काही होत नाही."

वैजाक्कांनी डोळे मिटले. नाव नको, आकडा नको म्हणून त्याच भांडल्या होत्या. आता तीस हसऱ्या तोंडांतून एक तोंड निवडायचं होतं, आणि दोन मिनिटं संपत आली होती.

"परत विचारू नकोस कुणाला," त्या म्हणाल्या. "नुसतं आठव. मला काही होत नाही, असं तू विचारायच्या आधीच कोण म्हणाली?"