थांबल्यावर वाजणारी घंटा

दुपारची वेळ होती. एमआयडीसीचा तो आंबूस वास पुन्हा सुटला होता, म्हणून भावनानं डोंबिवलीच्या फ्लॅटच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि लॅपटॉपपुढे बसून ती गार झालेले पोहे खात होती. तेवढ्यात तिच्या फोनवर घंटा वाजली. आंबिवलीच्या पंढरीकाकांची घंटा.

आता ही घंटा काय भानगड आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं.

पंढरीकाका म्हणजे भावनाचे सख्खे चुलते. जमीन बिल्डरला दिली, तिथंच बिल्डिंग उभी राहिली आणि तळमजल्याचा फ्लॅट काकांना मिळाला. मूलबाळ नाही. उजवा हात सतत कापायचा. आवडाकाकी होती तोवर काका चहाला बसले की ती त्यांचं मनगट गच्च धरायची, आणि तेही सुकट निवडता निवडता, तशाच हातानं. काका कुरकुरायचे, "अगं, चहाला वास येतो!" पण थेंब कधी सांडला नाही. गेल्या वर्षी काकी गेली. घरात सुकट येणं बंद झालं, आणि अर्धा चहा बशीत जायला लागला.

भावनाचं काम वेबसाइट बनवायचं. तिनं एका जुन्या टॅबवर काकांसाठी एक पान बनवलं. त्यावर एकच मोठं लाल बटण. दाबलं की हिच्या फोनवर घंटा. पण तो हात! काका एकदा दाबायला जायचे आणि काचेवर बोट धडधड आपटायचं. भर मीटिंगमध्ये घंटांचा नुसता पाऊस. ही घाबरून फोन करायची, तर काका म्हणायचे, "रिमोटचा सेल जेला, बाय."

वैतागली पोरगी. वैतागून तिनं घंटेला लगाम घातला. त्यांच्या धंद्यात त्याला डिबाउन्स म्हणतात. समजा, घरी पाहुणे येताहेत. तुम्ही ठरवलंत, सगळे येऊन झाले, दार जरा वेळ शांत राहिलं, की मगच चहा टाकायचा. एकदाच टाकायचा, सगळ्यांचा मिळून. तसंच इथं. बोट आपटत असेल तोवर घंटा गप्प. बोट थांबलं, जरा वेळ काही हललं नाही, की मग एकच घंटा. भावनानं स्वतःच्या बोटानं दाबून पाहिलं. मस्त चाललं. स्वतःवरच खूश झाली ती.

पण पाहुणे येतच राहिले तर चहा कधी टाकायचा? हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिचा हात कापत नव्हता ना!

तर त्या दुपारी एकच घंटा वाजली. भावनानं फोन लावला. काका उचलेनात. पुन्हा लावला. उचलेनात. तशीच स्कूटर काढून निघाली. कल्याणच्या पत्रीपुलावर नेहमीचा खोळंबा. ती सारखी फोन बघत होती. दुसरी घंटा नाही. खरंच काही झालं असतं तर पुन्हा दाबली असती की, असं ती स्वतःला समजावत होती.

आंबिवलीला पोचून तिनं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. आत पडदे ओढलेले, अंधार. आणि पहिल्यांदा आला तो वास. सुकटीचा. वरच्या मजल्यावर कोणी भाजत असेल, असं तिला वाटलं. मग आवाज ऐकू आला.

टक टक टक टक...

काका टेबलाशेजारी जमिनीवर आडवे पडले होते. टॅब त्यांच्यासोबत खाली आलेला, आणि उजवा हात त्याच्या काचेवर. बोट लाल बटणावर आपटत होतं, कापत होतं, आपटत होतं.

"काका! अहो काका!"

"आलीस..." काकांचे ओठ पार सुकले होते. "सकालधरनं दाबतोय गं... क्यवढं दाबलं... तू येतच नाय..."

भावनाला रडूच फुटलं. सकाळपासून! म्हणजे ती तिकडं घरी पोहे करत होती, फोनवर हसत होती, आणि काका दाबत होते. जितकं जास्त दाबत होते तितकी घंटा मागे ढकलली जात होती. तिनंच तसं करून ठेवलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या मयूरला तिनं हाक मारली. दोघांनी मिळून काकांना उचललं, रिक्षात घातलं, कल्याणला हॉस्पिटलात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. पण जीव वाचला.

संध्याकाळी कॉटशेजारी बसल्यावर मात्र तिला एक गोष्ट काही केल्या उलगडेना. बोट थांबल्याशिवाय घंटा वाजायची नाही. मग ती वाजली कशी?

"काका, मध्ये तुम्हाला झोप लागली होती का? शुद्ध हरपली होती?"

"नाय गं. टक्क जागा व्हतो."

"मग हात थांबला कधी?"

काका छताकडे बघत हळूच म्हणाले, "तुज्या काकीनं धरला ना..."

"काय?"

"मनगट धरलं. चहाला धरायची तसं. बोल्ली, आता जरा गप ऱ्हा..."

भावनानं मनाशी म्हटलं, दुखण्यात माणूस काहीबाही बोलतं. पण त्यांची उशी नीट करताना ते मनगट तिच्या नाकाजवळ आलं. नर्सनं नुकतंच स्पिरिटनं पुसलेलं मनगट. त्याला सुकटीचा वास येत होता.

पुढे काका डोंबिवलीला भावनाकडेच आले. आंबिवलीचं घर कुलूपबंद. टॅब तिथंच टेबलावर, चार्जरला लावलेला राहिला. काका बरे होऊन परत जातील तेव्हासाठी भावनानं आधी ती चूक सुधारली. डिबाउन्स काढून टाकला आणि थ्रॉटल घातला. म्हणजे पहिला पाहुणा आला की लगेच चहा, आणि मग कितीही येवोत, ठरावीक वेळानं एकेक आधण पडतंच. दाबणाऱ्यानं थांबायची गरजच नाही. शिवाय बटण कसं दाबलं जातंय, तेही आता तिच्या फोनवर दिसायचं. एकेका दाबाला एकेक ठिपका.

आणि नवलाची गोष्ट म्हणजे काकांचा हात कापायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळीचा गुण. भावनाला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, मनावरचं ओझंच उतरलं. म्हटलं, आणलं बाई माणसाला वेळेवर.

एका दुपारी दोघं चहाला बसली होती. काकांनी काठोकाठ भरलेला कप उचलला, तोंडाला लावला, खाली ठेवला. बशी कोरडी.

आणि भावनाच्या फोनवर घंटा वाजली.

टॅब बिघडला असेल, असं म्हणत तिनं फोन उचलला. पडद्यावर ठिपके उमटत होते. धडधड, घाईघाईनं, एकमेकांवर चढत. मध्येच अडखळून पुन्हा धडधड. तो कापरा हात तिनं डोळे मिटूनही ओळखला असता. वर्षभर त्याच्यावरच वैतागली होती ना ती!

पुन्हा घंटा. ठरावीक वेळानं पुन्हा. थांबायचं नाव नाही.

तिनं काकांकडे पाहिलं. उजवा हात टेबलावर होता, अगदी स्थिर. मनगटाची कातडी जराशी आत दबलेली, कोणी गच्च धरल्यासारखी. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत एमआयडीसीच्या वासावर दुसराच वास चढत होता.

"काका... घर तर बंद आहे. तिथं कोण आहे?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा काकुळतीला आलेला.

"ऊठ ना बाय," ते म्हणाले. "कवाचा दाबतोय मी. या टायमाला तरी लवकर ये..."

भावनानं खुंटीवरची किल्ली काढली आणि ती दारात उभी राहिली. इथं बसलेल्या की तिथं बटण दाबणाऱ्या, कुठल्या काकांकडे जायचं, तेच तिला कळेना.