आकारामला खायला घालायचं होतं

जेवणं झाली होती. गच्चीवर अंधार. निमिष, सई, सगळी पोरं मामांभोवती जमली होती. भाऊसोमामा पाय पसरत म्हणाले, "ही माझ्या भाचीची, वल्लरीची गोष्ट. खोटी वाटली तर सांगलीला जाऊन तिलाच विचारा."

गेली सर्वपित्री अमावास्या. गाव आपापल्या पितरांना जेवू घालून निजलं होतं. वल्लरी मात्र इस्पितळाच्या प्रयोगशाळेकडं निघाली होती. जर्मनीत शिकून ती मुद्दाम इथं परतली होती, मूत्राशयाच्या कॅन्सरवरची औषधं तपासायला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, गुलाबी द्रवातून त्यांना खायला घालायचं, मग औषध टाकून बघायचं.

या पेशी उंब्रजच्या आकारामच्या. माणूस पावसाळ्यात गेला. पेशी जगत होत्या.

दुपारी त्याची बायको शालूबाई दारात आली होती. "आवं बाई, मालक रोज सपनात येत्यात. म्हनत्यात, पोट भरतंय, पर ही लोकं मला मरू देईनात. त्यांचं काय ठिवलंय का हितं?"

वल्लरी तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडं गेली. "गाठ ठेवताना आकारामना विचारलं होतं?"

साहेब हसले. "ही जर्मनी नाही. कचऱ्यात जाणारी गाठ, त्यात विचारायचं काय?"

"कचरा? तुमच्या वडिलांची असती तर?"

"म्हातारीला वाटेला लाव. उद्या या पेशी बघायला पाहुणे येणारेत. रात्री पेशींना खायला घाल."

रात्री प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते हसणं तिच्या डोक्यात ठणकत होतं. तिनं खाद्याऐवजी पेशी मारणाऱ्या ब्लीचची बाटली उचलली.

"पण औषध लागू पडत होतं का, मामा?" निमिषनं विचारलं.

"पडत होतं रं. म्हणून तर हात थांबला तिचा."

तिनं पेशींची उबेची पेटी उघडली. आकारामच्या पेशींची बाटली हातात घेतली.

मागं कुणीतरी खाकरलं.

वळून बघितलं. कुणी नाही.

"आकारामकाका...?"

पंखासुद्धा थांबला.

"आधी कुणी विचारलं नाही. मी आत्ता विचारते. लोकांच्या उपयोगी पडेल... ठेवू?"

...

मग अगदी कानाशी. दात आवळून.

"न्हाई."

तिनं सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं. पेटीची वायर ओढून काढली. सकाळी साहेबांनी तिलाही काढलं.



"आणि शालूबाई?" सई कुजबुजली.

"तिच्या सपनात कुणी येईना झालं. पण ती पेटी... अडगळीत पडलीय. रिकामी. वायर भिंतीला नाही. आत हात घाला..."

"काय?"

"अंगासारखी गरम. अजून."