घरधन्याचा दोर

जळकोटच्या अलीकडं डांबरी सोडून गाडीवाटेनं आत गेलं की एक तळं लागतं. सरकारी कागदात त्याला साठवण तलाव म्हणतात, गावाच्या तोंडी नुसतं तळं. त्याच्या काठावर, किशनरावाच्या पडीक तुकड्यात, अहमदपूरच्या मकबूलनं तंबू ठोकले आणि रस्त्याला पाटी लावली, ‘तळ्याकाठी मुक्काम, जेवणासहित’. पंचक्रोशी पोट धरधरून हसली. उन्हाळ्यात आख्खा मराठवाडा अंगणात, गच्चीवर, बैलगाडीच्या साटीत फुकट झोपतो, आणि इथं म्हणे पैसे मोजून जमिनीवर पडायचं!

“मकबूलभाई, डास भाड्यात धरलेत का त्याचे येगळे?” जागेचा मालक किशनराव विचारायचा.

“डास तुमच्या जमिनीतले हायत, किशनराव. त्याचे तुम्हीच घ्या.”

हा किशनराव असा बोलका, की त्याचं बोलणं संपायची वाट बघत तळ्यातले बगळे एका पायावर उभे राहत, आणि पाय बदलायची वेळ आली तरी त्याचं अर्धंच झालेलं असे.

पण लोक आले. लातूरचे आले, नांदेडचे आले, पुण्यात राहणारी इकडचीच पोरं सुटीला आली. कारण मकबूलचा तंबू म्हणजे तंबूच होता. तीन पिढ्यांचं बिछायत केंद्र त्याचं. लग्न पाटलाचं असो, लिंगायताचं असो की मोहल्ल्यातलं, मांडव मकबूलचा. त्यानं ताणलेल्या दोरावर बोट मारलं तर तो सूर धरायचा. निलंग्याकडच्या एका लग्नात बँडवाले रुसून निघून गेले, तर वऱ्हाड म्हणे मकबूलच्या दोरांवर काठ्या वाजवून पहाटेपर्यंत नाचलं. खोटं वाटत असेल तर नाचलेली माणसं अजून हयात आहेत.

मात्र हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती आठवली की हसू गिळावं लागे. मकबूल तिथं धंद्याला आलाच नव्हता.

लगीनसराई संपली की मातीनं, हळदीनं, वरणानं माखलेल्या कनाती, म्हणजे मांडवाचे कापडी आडोसे, धुवायला तो दरवर्षी याच तळ्यावर यायचा. दोन उन्हाळ्यांमागं असाच आला. बरोबर यासेर, त्याचा एकुलता एक, नुकतं मिसरूड फुटलेला. लाल कनात होती, पिवळ्या किनारीची, सगळ्यात लांब. भिजलेली कनात मेलेल्या म्हशीसारखी जड होते. यासेरनं ती पाण्यात पसरली आणि वाहून जाऊ नये म्हणून तिचा दोर मनगटाला गुंडाळला. मकबूल काठावर दुसरं कापड दगडावर आपटत होता. त्यानं मान वर केली तेव्हा पाणी सपाट होतं.

होड्या आल्या, पाणबुडे आले, कोळ्यांनी जाळी ओढली. तळं काही समुद्र नव्हे. तरी पोरगा मिळाला नाही, आणि एवढी थोरली कनातही मिळाली नाही. “गाळ लई हाय,” एवढं म्हणून सगळे गेले.

यासेरच्या आईनं, जाहिदानं, रडून घेतलं, फातेहा दिली, चाळिसावा केला. मकबूल चाळिसाव्याला बसला नाही. “कबर कुठाय?” एवढंच विचारायचा. त्याला पोरगा पाहिजे होता. जिवंत नसला तर मातीत ठेवण्यापुरता तरी. तळ्याकाठी नुसतं बसून राहिलं तर लोक वेडा म्हणतात, पाटी लावून बसलं की धंदेवाला म्हणतात. म्हणून पाटी.

यंदाच्या एप्रिलात पाणी बरंच मागं सरलं. काळा गाळ उघडा पडला, उन्हानं वरून कातडीसारखा ताणला गेला. तेव्हा नांदेडची ऋतुजा मुक्कामाला होती. कॉलेजात शिकवायची, पक्ष्यांचे फोटो काढायला आलेली. सकाळी चहाचा कप घेऊन ती मकबूलपाशी आली.

“चाचा, तो खालचा लाल तंबू मला का नाही दिला? एकदम पाण्याला लागून आहे. आणि एक सांगू? पहाटे धुणं धुवायला बसू नका. काय ते धप धप धप! पक्षीसुद्धा उडून गेले.”

“कोणता तंबू, बेटा?”

तिनं कपानंच दाखवलं.

गाळ संपतो आणि पाणी सुरू होतं तिथं तो उभा होता. तोंड पाण्याकडं, पाठ माणसांकडं. लाल कापड, पिवळी किनार. मकबूल चपला काढून गाळात उतरला. गाळावर टिटवीच्या पायांची नक्षी होती, माणसाचं पाऊल एकही नव्हतं. दोन वर्षं पाण्यात पडलेलं कापड हातात घेतलं तर चिंध्या व्हायला पाहिजेत. हे करकरीत होतं, आणि ओलं. ऊन चांगलं वर आलेलं, तरी किनारीवरून पाणी गळत होतं.

त्यानं गाठी बघितल्या. सगळ्या उलट्या. डावखुऱ्यानं मारलेल्या. शिकवून शिकवून मकबूल थकला होता, पण यासेरचा हात कधी सुलटा वळला नाही.

आता इथं बिछायतवाल्यांची एक रीत सांगितली पाहिजे. मांडव उभा राहिला की सगळे दोर गडी बांधतात, पण शेवटचा एक सैल सोडतात. तो घरधन्यानं यायचं, आपल्या हातानं बांधायचा, गड्यांच्या तोंडात साखर घालायची. तोवर मांडव बिछायतवाल्याचा. ती गाठ बसली की घरधन्याचा, आणि मग त्याखाली जो येईल तो त्याचा पाव्हणा. हाकलता येत नाही. उतरवायच्या दिवशी पहिली गाठ सुटते तीही तीच, आणि त्याच हातानं.

लाल तंबूचा एक दोर सैल होता. वाऱ्यानं गाळावर सापासारखा वळवळत होता.

मकबूलला लोंबता दोर बघवत नसे. दुसऱ्याच्या लग्नात जेवायला गेला तरी हात धुवायच्या आधी दोर ताणून यायचा. त्याचं डोकं यासेरच्या गाठींपाशी अडकलं होतं. हात मात्र जन्माच्या सवयीनं खाली गेले, दोर उचलला, खुंटीला वेढा दिला, ओढला, आणि गाठ मारून मोकळे झाले.

बांधावरून किशनरावानं ते बघितलं. “मकबूलभाई!” तो ओरडला. “घरधनी झालात की! साखर कुठाय?”

आणि का कोण जाणे, स्वतःच्याच चेष्टेवर तो हसला नाही.

आत काही नव्हतं. गार ओल, आणि वास. कनाती धुवायच्या सोड्याचा.

ऋतुजा त्याच दुपारी निघून गेली. तिच्यामागं जे आले तेही टिकले नाहीत. पहाटेचं धपधप कुणाला सोसेना. मकबूलनं रस्त्यावरची पाटी आपणच काढून टाकली. रोज दिवेलागणीला तो एक ताट वाढून लाल तंबूत सरकवायचा. सकाळी ताट बाहेर असायचं. चाटून पुसून नव्हे, धुऊन. वर पाण्याचे थेंब.

मग एका संध्याकाळी आतून आवाज आला.

“अब्बा, भूक लागली.”

मकबूल कापडापाशी वाकला. “बाहेर ये, बाळा.”

“तुम्ही आत या.”

“तुझ्या अम्मीला येऊ दे. मग येतो.”

त्यानं फोन लावला. “यासेर आलाय,” म्हणाला. “त्याच्या आवडीचं काहीतरी करून आण.”

दुसऱ्या दिवशी जाहिदा डबा घेऊन एसटीनं जळकोटला उतरली. नवऱ्याचं डोकं फिरलंय आणि त्याला घरी न्यायचंय, एवढं ठरवून आली होती. डब्यात दालचा-खाना मात्र खरोखरचा होता. किशनराव मोटरसायकल घेऊन तिला न्यायला आला. वाटेत तो गप्प होता, आणि किशनराव गप्प म्हटल्यावर तिलाच विचारावं लागलं.

“भाऊजी, काय हाय तिथं?”

“भाभी, तुम्ही मकबूलभाईला घरी घेऊन जावा.”

“तुम्ही तंबू पाडून का न्हाई टाकत? जमीन तर तुमची हाय.”

“गेलतो की. गाठ सुटंना. विळा लावला, त्याची धारच गेली.” त्यानं मोटरसायकल बांधावरच थांबवली. “ती त्याच्याच हातानं सुटंल. मी हितून पुढं येत न्हाई, भाभी. राग मानू नका.”

दिवस मावळायला टेकला होता. मकबूल दाढी करून, धुतलेला सदरा घालून तंबूपाशी बसला होता. बायकोला बघून ईदच्या दिवसासारखा उठला. (नवरा-बायको आपसांत दखनीत बोलत. इथं आपल्या बोलीत सांगतो.)

“आणलंस? हळू बोल. जागाच हाय तो.”

जाहिदानं काही बोलायच्या आत तंबूतून आलं, “अब्बा, भूक लागली.”

ती कापडाला कान लावून उभी राहिली. लाल कापड गार होतं आणि, तिला वाटलं, किंचित आत-बाहेर होत होतं.

“यासेर,” ती म्हणाली. “बाळा, मी आलेय.”

काही नाही.

“यासेर. अम्मी हाय. बोल ना रे.”

पाण्यावर एक बुडबुडा फुटला, तेवढंच.

“अब्बा,” आतून आलं, “भूक लागली.”

जाहिदा मागं सरली. “आवाज त्याचाच हाय,” ती म्हणाली.

“मी काय सांगून राहिलो तुला!”

“पण तो मला ओळखत न्हाई. लेकरू आईला ओळखत न्हाई, असं कसं असंल? अजी, गाठ सोडा. कापड खाली येऊ द्या. जे काही असंल ते मातीत ठेवू, आन् घरी जाऊ. तुम्हीच म्हणत होता ना, कबर पाहिजे?”

मकबूल तिच्याकडं असं बघू लागला की जणू तीच वेडी.

“मातीत ठेवायला मेलेला लागतो, जाहिदा. हा तर जेवायला मागून राहिलाय.”

“अजी, मी पाया पडते. मला आता तुमच्याशिवाय कोण हाय?”

त्याचा हात दोराकडं गेला. गाठीवर टेकला. त्या हाताला गाठ कशी सुटते हे ठाऊक होतं, एका झटक्याचं काम होतं.

“अब्बा,” आतून आलं. दमलेलं, लहान पोरासारखं.

हात मागं आला. त्यानं जाहिदाच्या हातातून डबा घेतला, कापड बाजूला केलं आणि वाकून आत गेला.

कापड पडलं.

जाहिदा उभी राहिली. आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग मकबूलचं काहीतरी पुटपुटणं, मग यासेरचं, मग दोघांचं. शब्द कळत नव्हते. मग मकबूल हसला.

दोन वर्षांत तो हसला नव्हता. जाहिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवू दे, तिनं मनाशी म्हटलं. जेवला की बाहेर येईल. मग हात धरून नेईन.

पाणी तिच्या पावलांना लागलं. मघाशी ते तिथं नव्हतं.

ती पुढं झाली आणि कापड बाजूला करायला हात घातला. हाताला तंबूचं तोंड सापडेना. ती किनार चाचपत बाजूला गेली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. सगळीकडं शिवण. पक्की, ओली, अखंड.

“अजी!”

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या.

जाहिदानं आपले हात बघितले. मोकळे होते. बांगड्या तिनं चाळिसाव्याच्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

“गरम हाय तवर खाऊन घ्या,” आत एक बाई म्हणाली. “यासेर, अजून वाढू?”

“वाढ ना, अम्मी.”

जाहिदानं तोंडावर हात दाबला. तो तिचाच आवाज होता. आताचा, रडून रडून चिरलेला नव्हे. आधीचा.

तोंडावरचा हात काढून ती जिवाच्या आकांतानं ओरडली. नवऱ्याला, मुलाला, अल्लाला. लांब बांधावर किशनरावाच्या अंगावर काटा उभा राहिला. आत जेवणारे हात थांबले.

“बाहेर कोण हाय हो?” तिच्या आवाजात ती बाई म्हणाली.

मकबूलनं घास गिळला. घरी पोचलेल्या माणसासारखं, निवांत उत्तर दिलं.

“कुणी न्हाई. पाणी हाय.”