आजोबांचा शेवटचा सामना

"पस्तिशीनंतर सक्तीची निवृत्ती? यांच्या डोक्यात काय भुसा भरलाय का!"

मोबाइलकडे बघत ती जिन्यात इतक्या जोरात ओरडली, की खालच्या चष्म्याच्या दुकानातला तरुण हातातली फ्रेम घेऊनच बाहेर आला.

"तुमचाही गोलकीपर गेला वाटतं?"

ती बघतच राहिली. दिवसभर कवळ्या बनवणाऱ्या मुलीला मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळात फुटबॉल क्लब चालवायचं वेड आहे, हे तिच्या आईच्याही पचनी पडत नव्हतं. आणि याने पहिल्याच वाक्यात नेमकं दुखणं ओळखलं! पोरसवदा असल्यापासून तिने घडवलेला तो गोलकीपर, लाडाचं नाव 'आजोबा'. नव्या नियमामुळे रविवारचा सामना त्यांचा शेवटचा होता.

"रविवारी कोणाशी आहे?"

"कासव नावाचा कोणीतरी. चिवट आहे मेला!"

"मेला नाही अजून," तो हसला. "तुमच्यासमोर उभा आहे."

तिने जीभ चावली… पण हसू काही आवरेना.

रविवारी तातडीचं काम आलं. वरच्या मजल्यावर ती कवळीच्या साच्यात प्लास्टर ओतत होती, तोच तो धापा टाकत आला.

"तुमचा संघ आत्ताच पाहिला, आजोबा राखीव बाकावर आहेत! नियम बदलताना सगळ्यांचे संघ विस्कटलेत. सामना आता सुरू होईल."

तिचे हात मनगटापर्यंत प्लास्टरने माखलेले. "मोबाइल… ॲप्रनच्या खिशात…"

"काढू?" तो लाजला.

"काढा हो, मुहूर्त बघताय का!"

त्याने स्वतःच्याच संघाविरुद्ध आजोबांना गोलमध्ये उभं केलं. हरला तर त्याचा क्लब खालच्या श्रेणीत जाणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

पाच मिनिटांचा खेळ. तिचा संघ एका गोलने पुढे, आणि शेवटच्या क्षणी कासवाला पेनल्टी! पडद्यावरच्या त्या इवल्याशा आजोबांनी झेप घेतली… चेंडू अडवला! मग नावापुढे शब्द उमटला— 'निवृत्त'.

तिचे डोळे भरून आले. पण ती बघत होती त्याच्याकडे. हरूनही हा माणूस टाळ्या वाजवत होता! असंही कोणी असतं?

"का केलंत असं?"

"आजोबांना बाकावर बसवून जिंकलो असतो, तर जिन्यात तुमच्याकडे बघवलं नसतं. आणि मला… रोज बघायचंय."

तिने तशाच माखलेल्या हातांनी त्याचा हात धरला.

"अहो, प्लास्टर वाळेल," तो पुटपुटला.

"वाळू दे."