तळ्याकडचा रिकामा प्लॉट

साहेबांचा उभा जन्म पूल बांधण्यात गेला. निवृत्तीनंतर गाडी गेली, शिपाई गेला, 'साहेब' ही हाक तेवढी चिकटून राहिली. नोकरी बदलीची, त्यामुळे माईंचा सगळा संसार झाला तो सरकारी क्वार्टरांत. नव्या घरात शिरावं, तर आधीच्या माणसांचे खिळे भिंतीत तयार असायचे.

"दुसऱ्यांच्या खिळ्यांवर आपले फोटो टांगत आले मी," माई म्हणायच्या. "आता एक तरी खिळा मी सांगेन तिथे ठोका."

मुलगा परदेशात, सून तिकडचीच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची. म्हणून निवृत्तांच्या वसाहतीची जाहिरात आली तेव्हा साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. प्लॉट घ्यायचा, मनासारखं घर बांधायचं. क्लब, पोहण्याचा तलाव, डॉक्टर सगळं आवारातच.

वसाहत दाखवायला टायवाला विक्रेता आला होता. टाय एवढा घट्ट, की त्याचा प्रत्येक शब्द पिळून बाहेर पडल्यासारखा वाटे. "इथे पायरी म्हणून सापडणार नाही तुम्हाला," तो म्हणाला. "सगळीकडे उतार आणि कठडे."

"म्हणजे पडायचीसुद्धा सोय नाही," साहेब म्हणाले. माई हसल्या. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसल्या.

प्लॉट गल्लीच्या शेवटी होता. पलीकडे तळं, अलीकडे एका निवृत्त दंतवैद्यांचा बंगला. चार कोपऱ्यांना दगड, मध्ये आखूड गवत. साहेबांचं लक्ष गेलं ते पानांकडे. झाडांची पानगळ सुरू होती आणि रस्त्यावर पानं अस्ताव्यस्त पसरली होती. प्लॉटमध्ये मात्र ती एका सरळ रेषेत साचली होती, भिंतीच्या कडेला साचतात तशी. रेषेच्या आत एक पान नव्हतं. तळ्यावरचा वारा इथे वळत असेल, असा साहेबांनी हिशेब मांडला आणि विषय संपवला.

तेवढ्यात दंतवैद्य फाटकाशी आले. गोरेपान, कवळी झकास बसलेली.

"या, या!" ते साहेबांना म्हणाले. "वहिनी तर रोजच दिसतात. तुमचंच दर्शन आज पहिल्यांदा."

माई त्यांच्याकडे बघून मान हलवून हसल्या, शेजाऱ्याकडे बघून हसावं तशा. टायवाला घाईघाईने साहेबांच्या कानाशी लागला. "डॉक्टरांचं वय झालंय, साहेब."

"तू ओळखतेस का त्यांना?" साहेबांनी नंतर विचारलं.

"मी? मी कशी ओळखणार?" माई म्हणाल्या, आणि पदराने कपाळ पुसत तळ्याकडे बघत राहिल्या.

सही दुसऱ्या दिवशी करायची ठरली. दोघं क्लबच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली. पण साहेबांच्या पायाला भिंगरी लागली होती. पंखा चालू कर, बंद कर. खिडकीशी जा, परत ये. सकाळी माई उठायच्या आत ते माळ्याकडून पहार मागून प्लॉटवर गेले. जमिनीवर विश्वास ठेवायचा नसतो, ती ठोकून बघायची असते, हा त्यांचा जन्माचा धडा.

फिरायला निघालेली मंडळी समोरून येत होती. गल्लीतले इतर रिकामे प्लॉट ती बिनधास्त तिरकी तुडवत होती. या प्लॉटपाशी मात्र प्रत्येक जण कडेकडेने वळसा घेई. गप्पा न थांबवता, खाली न बघता. गवतात त्या वळशाची पायवाट पडली होती.

गवती टोपी घातलेल्या एका बाईंना साहेबांनी विचारलंच, "इथून सरळ का जात नाही कुणी?"

"अहो, लोकांच्या घरातून कसं जायचं?" बाई हसून म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

साहेबही हसले.

ते पानांची रेषा ओलांडून आत गेले. पाठीवर सकाळचं ऊन होतं, समोर स्वतःची सावली होती, तरी अंगाला गारवा लागला. भर उन्हातून घरात आल्यावर लागतो तसा. पाखरांचा कलकलाट एकदम दबला, कुणी दार ओढून घ्यावं तसा. साहेब मागे सरकले. कलकलाट परत आला. पुन्हा आत गेले. पुन्हा दबला. कानाला दडा बसला असेल म्हणून त्यांनी नाक दाबून फुंकर मारली. काही फरक नाही. पहार मारली. मुरूम चांगला होता, जमीन निर्दोष होती. पण पहारीचा आवाज खणखणला तो उघड्या माळावर खणखणावा तसा नव्हे. बंद खोलीत भांडं पडावं तसा.

नाश्त्यानंतर माईंनी हट्टच धरला, तेव्हा ते त्यांना घेऊन पुन्हा गेले. वास्तुविशारदाने काढलेला नकाशा साहेबांनी सोबत घेतला होता.

माई रेषेपाशी थांबल्या. गवतावर पाय पुसले. मग खांद्याने काहीतरी लोटल्यासारखं करून आत गेल्या. सरळ चालल्या, काटकोनात वळल्या, एका जागी मान वाकवून पुढे सरकल्या. कुठेही बिचकल्या नाहीत. अंधारात स्वतःच्या घरात वावरावं तसं सगळं चाललं होतं.

"काय करतेस?"

"कुठे काय? बघतेय."

"नकाशात स्वयंपाकघर या पुढच्या अंगाला आहे."

"छे. स्वयंपाकघर मागे आहे."

"मागे असावं, असं म्हणायचंय तुला."

"तेच ते," माई म्हणाल्या.

साहेबांना ते 'तेच ते' झोंबलं. त्यांनी माईंचा हात धरला, जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. हात गार होता आणि बोटांना ओल होती. आसपास पाण्याचा थेंब नव्हता. तळं तर पार पलीकडे.

"आपण इथे घर बांधायचं नाही," साहेब म्हणाले. "दुसरीकडे बघू. तू म्हणशील तिथे."

भांडण होईल असं त्यांना वाटलं होतं. आयुष्यभर वाट पाहिलेल्या बाईचा तो हक्कच होता. पण माई शांतपणे म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

साहेबांनी टायवाल्याला नकार कळवला. त्याने कारण विचारलं नाही, आग्रहही केला नाही. सामान गाडीत गेलं. उन्हं कलायला लागली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा माई म्हणाल्या, "थांबा जरा. खिडक्या लावून येते."

क्लबमधली खोली असेल, असं साहेबांना वाटलं. पण माई उलट्या दिशेने चालू लागल्या. प्लॉटकडे.

साहेब गाडीतून उतरले.

माईंनी पाय पुसले. आत गेल्या.

हात उंचावून त्यांनी हवेत काहीतरी ओढलं, कडी सरकवल्यासारखं मनगट वळवलं.

पुढे गेल्या. पुन्हा तसंच.

मग त्या काटकोनात वळल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

मागचं तळं स्वच्छ दिसत होतं. दंतवैद्यांच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दिसत होते. मधल्या आखूड गवतावर कुणी नव्हतं.

साहेब गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग माई समोरून येताना दिसल्या. मागे हात नेऊन त्यांनी काहीतरी ओढून घेतलं आणि रेषा ओलांडली.

त्या साहेबांच्या शेजारी बसल्या नाहीत. मागचं दार उघडून मागे बसल्या. रुसल्या असतील, साहेबांनी स्वतःला समजावलं, आणि गाडी काढली. आरशात बघितलं, तर दंतवैद्य फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. गाडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मान वर करून, रिकाम्या प्लॉटच्या वरच्या हवेकडे बघत, ते ओळखीचं हसत होते.

वाटेत साहेबांनी दोनदा विषय काढला, मागून "हो का?" एवढंच उत्तर आलं.

फ्लॅटचं दार उघडून साहेब आत आले. माई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"ये ना," साहेब म्हणाले, तेव्हा त्या आत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पर्स मांडीवर धरून. साहेबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी स्वतः चहा केला. थोडा बशीत सांडला.

"कशाला त्रास घेतलात," माई म्हणाल्या, आणि कप दोन्ही हातांनी घेतला.

एकेक घोट घेत त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाट, पडदे, भिंतीवरचे फोटो. मग कप खाली ठेवून, संकोचाने थोडं हसून त्यांनी विचारलं,

"वहिनी केव्हा येतील?"