पुलाआधीची सावली

"कुठवर आला?" काका रोज संध्याकाळी विचारायचे आणि बॅग खाली ठेवण्याआधी मला उत्तर द्यावं लागायचं. रेल्वेचा नवा उंच पूल पलीकडच्या मैदानातून आमच्या दिशेने येत होता. एक खांब, मग पुढचा खांब, मग क्रेनने उचलून दोन्हींवर टेकवलेला गर्डर. आमच्या गॅलरीसमोर मात्र अजून पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा, एवढंच होतं.

काकांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली. उतरतं ऊन तोंडावर घेत गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसणं, ही त्यांची चैन. आईवडिलांच्या माघारी त्यांनीच मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच.

एका रविवारी चहा घेताना ते म्हणाले, "समोर खांब उभा राहिला वाटतं. सावली आली."

"कुठे? तुमच्या तोंडावर लख्ख ऊन आहे."

"असेल बाई. सरकारी काम. सावली आधी, पूल मागून."

आम्ही हसलो. मग मी त्यांच्या गालाला हात लावला. उजवा गाल तापलेला होता. डावा फरशीसारखा गार.

मी शीतगृहात मालाचं तापमान तपासते. लांबून तापमान मोजणारं यंत्र बॅगेतच असतं. ते मी खुर्चीमागच्या भिंतीवर फिरवलं. भिंतभर सारखंच ऊन होतं, पण एक उभा पट्टा सहा अंशांनी थंड निघाला. त्याच्या कडा अगदी सरळ होत्या. भिंत ठोकून पाहिली. ओल नाही, आत पाइप नाही. सूर्य उतरला तसा पट्टाही सरकला.

त्या दिवसापासून काकांच्या डाव्या हाताची बोटं गारच राहिली. शेक दिला, लोकरी हातमोजा चढवला. डॉक्टर म्हणाले, रक्ताभिसरण उत्तम आहे, वय झालंय.

काही दिवसांनी काकांनी सांगितलं, गाड्या सुरू झाल्या.

"खिडक्यांमधून येणारं ऊन गालावरून जातं. ऊन, सावली, ऊन, सावली. बरं वाटतं गं. एका खिडकीतून मात्र येत नाही."

"का?"

"कोणीतरी उभं असतं तिथे."

खांब अजून मैदानातच होते. पण काकांचा हात मनगटापर्यंत गार झाला, मग कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गॅलरीत बसू नका म्हटलं की लहान मुलासारखे रुसायचे.

"हल्ली गाडी हळू जाते," एकदा ते म्हणाले. "थांबली की चढीन म्हणतो."

"आणि तिकीट?"

"काढून ठेवलंय म्हणे."

"कोण म्हणे?"

ते चहा प्यायले आणि कप माझ्या हातात दिला. कप गरम होता. त्यांची बोटं गारच.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. काकांना आतल्या पलंगावर बसवलं, गॅलरीचं दार बाहेरून ओढून कडी लावली.

"आज नको अडवूस गं," ते आतून म्हणाले. "आजच नको."

तिथे काही नाही याची एकदा खात्री करून घ्यायची होती. असलंच, तर ते काकांपर्यंत पोहोचू द्यायचं नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

मिटल्या पापण्यांवर ऊन तांबडं दिसत होतं.

मग काळं. मग तांबडं. मग काळं.

ऊबदार चौकोन एकामागून एक चेहऱ्यावरून सरकत होते. आवाज अजिबात नव्हता. दोन चौकोनांमधलं अंतर वाढत गेलं.

मग काळं झालं आणि तसंच राहिलं.

मी डोळे उघडले. समोर कुंपण, खड्डा, त्यावर रिकामं आभाळ. ऊन थेट डोळ्यांत येत होतं, पण चेहऱ्याला लागत नव्हतं.

काका आतून दार ठोठावत होते. मग ठोठावणं थांबलं.

"गेली," ते हळूच म्हणाले.

जेवायला बसलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात गरम होते. मी पुन्हा पुन्हा धरून पाहिले. त्यांनी दोनदा भात मागून घेतला, मिठावरून मला टोमणा मारला. मी दिव्याखालीच बसले होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि ते थबकले.

"सावलीत का बसलीस? इकडे सरक."

मी सरकले. त्यांनी पुन्हा हात लावून पाहिला.

"अजून."

माझा खांदा त्यांच्या खांद्याला टेकलेला होता.