पलीकडची झडप

थॉर्नवेलच्या उतारावर कालव्याला पाच लॉक आहेत, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, ज्यांत पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करतात, आणि त्यांच्या माथ्यावर हेस्टर बॅग्नलची कोळशाची बोट बारा महिने बांधलेली असते. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी विनी पार्जिटर तिच्याकडे एक पोतं कोळसा घ्यायला गेली. खरं तर विनीला कोळसा नको होता. संध्याकाळी ती उताराखाली, मुलीकडे, टॅम्सिनच्या स्वयंपाकघरात बसलेली असणार होती आणि पुन्हा कधी बोटीवर पाऊल ठेवणार नव्हती. पण थंडीच्या तोंडावर कोळसा न घेता निघालं तर रोलंड का म्हणून विचारणार, आणि त्याने विचारलं की उत्तर तिच्या चेहऱ्यावर दिसणार. म्हणून पोतं.

रोलंड तिचा नवरा. कालव्यावर त्याला सगळे ओळखत होते आणि कुणी त्याच्या शेजारी बोट बांधत नव्हतं. कालव्यावरच्या माणसांची एक रीत असते. बांधलेल्या बोटीजवळून जाताना वेग कमी करायचा, समोरच्याची पाळी असेल तर लॉकपाशी थांबायचं, आणि बोट लॉकमध्ये असताना झडप उचलून पाणी सोडण्याआधी सुकाणूवरच्या माणसाला विचारायचं. रोलंडला ही रीत तोंडपाठ होती, दुसऱ्यांसाठी. एकजण जरा वेगात गेला म्हणून त्याने लोखंडी मेख फेकून त्याची खिडकी फोडली होती. दुसऱ्याने रांग मोडली तेव्हा लॉकच्या किल्लीने त्याची तीन बोटं मोडली होती. ही किल्ली म्हणजे कोनात वाकवलेलं हातभर लोखंड, टोकाला चौकोनी भोक. तिने झडपा उचलतात. रोलंड तिने बरंच काही करायचा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. पंचवीस वर्षांत त्याने विनीला एकदाही 'तयार आहेस का' म्हणून विचारलं नव्हतं. तो झडप उचलायचा आणि खाली ती बोट सावरत बसायची. सत्तावन्न फुटांच्या त्या डब्यातला संसारही तसाच चालला होता. तिचं डावं मनगट थंडीत ठणकायचं, आणि ते काही पडून मोडलेलं नव्हतं.

"आजच उतरताय?" हेस्टरने पोत्याचं तोंड बांधत विचारलं.

"बारा वाजता खालचं लॉक बंद करतायत. दुरुस्तीला. मग एकदम मार्चमध्ये..."

म्हातारीने तिच्या मनगटाकडे पाहिलं. ऐंशी वर्षं पाण्यावर काढलेली बाई, तिला फार सांगावं लागत नव्हतं. "मार्चपर्यंत त्याच्याबरोबर डब्यात. कळलं. जा पोरी, ऊठ. पण एक सांगते. आज धुकं आहे, आणि धुक्यात अँब्रोझ टॉली असतो."

"कोण तो?"

"माझ्या आज्याच्या वेळचा बोटवाला. पलीकडच्या काठावर उभा असतो. पलीकडची झडप उचलून देतो, पलीकडचं दार उघडून देतो. तेवढीच आपली फेरी वाचते. भला माणूस आहे, घाबरू नकोस. आभार मानायचे आणि पुढे जायचं." तिने आवाज खाली आणला. "फक्त तिसऱ्या लॉकला खालून भोंगा आला तर थांबायचं. पाळी त्याची. जिवंतपणी एकाने ती मारली होती. वर त्याचं डोकं किल्लीने फोडलं आणि त्याला दारात ढकलला. अँब्रोझची बायको खाली त्यांच्या बोटीवर उभी होती, तिच्या डोळ्यांदेखत."

"किती वेळ थांबायचं?"

"चहा होईपर्यंत. बोट दिसणार नाही, पण पाणी हलेल. ते शांत झालं की निघायचं."

"रोलंडला सांगून बघते."

"त्यापेक्षा या कोळशाला सांग," हेस्टर म्हणाली.

साडेदहाला त्यांनी दोर सोडले. धुकं इतकं होतं की सुकाणूपाशी उभ्या असलेल्या विनीला बोटीचं नाक दिसत नव्हतं. कुजक्या पानांचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. रोलंड काठाने पुढे चालला होता, खांद्यावर किल्ली टाकून.

पहिल्या लॉकमध्ये बोट गेली. रोलंडने मागचं दार लावलं, पुढे गेला आणि खालच्या दाराची अलीकडची झडप उचलली. न विचारताच. लोखंडी दातांवरून खट् खट् खट् आवाज आला आणि बोटीला हिसका बसला. विनीने बोट पांढऱ्या रेघेच्या पुढे दाबून धरली. त्या रेघेमागे, पाण्याखाली, लॉकचा दगडी उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर नाक खाली जातं, पुढून पाणी शिरतं आणि दोन मिनिटांत सगळं संपतं. म्हणून तर विचारायची रीत.

सवयीने तिने हात वर केला. मी तयार आहे, अशी खूण. तो हात रोलंड कधी बघत नसे. पण तिने हात वर केला आणि त्याच क्षणी पलीकडच्या काठावरून, अगदी सावकाश, दुसरी झडप उचलल्याचा आवाज आला.

खाली पोचल्यावर अलीकडचं दार रोलंडने पाठ लावून ढकललं, नेहमीसारखं. ते भिंतीवर धाडकन आपटलं. पलीकडचं दार आवाज न करता उघडलं.

"कोण आहे रे तिकडे?" विनीने विचारलं.

"कुणीतरी म्हातारा. टोपीवाला. पाठ करून उभा होता, साला मुका आहे."

"आभार मानलेस का?"

"कशाला? मी बोलावलं होतं त्याला?"

मग तिनेच धुक्याकडे तोंड करून "आभारी आहे" म्हटलं. मनातून तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. तिचा हात बघणारं कुणीतरी होतं.

दुसऱ्या लॉकलाही तेच झालं. तिने हात वर केला, मग पलीकडची झडप. या वेळी तिने रोलंडला हेस्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. रोलंड इतका हसला की त्याला ठसका लागला. "त्या कोळशेवालीच्या डोक्यात काजळी गेलीय," तो म्हणाला.

तिसऱ्या लॉकपाशी आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. लॉकमधलं पाणी खाली गेलेलं होतं आणि खालची दोन्ही दारं उघडी होती, खालून येणाऱ्यासाठी मांडून ठेवल्यासारखी. आणि खालच्या धुक्यातून भोंगा वाजला. लांब, घोगरा, गाईच्या हंबरण्यासारखा.

"रोलंड," विनीने हाक मारली. "त्याची पाळी आहे. थांबू या. आपल्याला वेळ आहे..."

"दिसतंय का कुणी? मला नाही दिसत." तो खालच्या दाराकडे निघालासुद्धा.

विनीने बोट काठाला लावली आणि त्याच्या मागे धावली. पलीकडच्या दारापाशी टोपीवाला उभा होता. अंगात जाड काळा कोट, चेहरा धुक्यात. त्याने एक हात पुढे केला होता, तळवा उघडा. जरा थांबा, एवढंच. पाहुण्याला दारात थांबवावं तितक्या अदबीने.

रोलंड मागे फिरला, वरच्या बंद दाराच्या फळीवरून पलीकडे गेला आणि त्याने किल्ली फिरवली. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज विनीला नीट ठाऊक होता. तो तिने ऐकला, एकदा आणि मग पुन्हा. माणूस ओरडला नाही. हात खाली गेला, कोट मागे सरला आणि धुक्यात कुणी राहिलं नाही.

"गेला," रोलंड परत येत म्हणाला. त्याच्या गालावर रक्ताचे शिंतोडे होते आणि तो खुशीत होता. त्याने दोन्ही दारं लावली, वरून पाणी सोडलं, लॉक भरलं. खालचा भोंगा वाजतच होता. "आत घे बोट."

"मी नाही घेणार."

"मग मार्चपर्यंत बसू इथेच. तू आणि मी." तो तिच्याकडे बघत होता. "की तुला कुठे जायची घाई आहे?"

त्याला कळलं होतं की नुसताच टोमणा होता, हे विनीला कधीच समजलं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे टॅम्सिनचं स्वयंपाकघर आलं, चुलीवरची किटली आली, आणि आतून लावता येणारी कडी आली. ती मागे फिरली. बोट तिने स्वतः आत घेतली. हे ती पुढे प्रत्येकाला सांगायची, पोलिसांनाही. बोट मी घेतली आत. पाळी मीही मारली.

मागचं दार लागलं. आणि न विचारता झडप उचलली गेली.

पाणी खाली जाऊ लागलं तसा समोरच्या बंद दारांच्या फटीतून उजेड आला. पिवळा, तेलाच्या दिव्याचा, सरळ तिच्या डोळ्यांत. भोंगा वाजवणारी बोट दारापलीकडे नव्हती, दारातून येत होती. विनीने घाबरून इंजिन उलटं फिरवलं. तिची बोट मागे सरकली आणि खालून दगडाला लोखंड घासल्याचा आवाज आला. ती उंबरठ्यावर बसली होती.

"झडप पाड," ती ओरडली. "रोलंड, अडकली, झडप पाड..."

पण रोलंड झडपेपाशी नव्हता. तो दाराच्या फळीवर उभा होता आणि त्याच्यासमोर टोपीवाला. त्याचा मोडलेला हात लोंबत होता. दुसऱ्या हातात किल्ली होती. रोलंडने आधी मारलं, जीव खाऊन, मानेवर. काळा कोट हलला नाही. मग ती दुसरी किल्ली वर गेली. घाई नव्हती तिला. कपाळावर बसली तेव्हा ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. रोलंड गुडघ्यावर आला, तोंडातून रक्त ओकत त्याने टोपीवाल्याचे पाय धरले, आणि दुसरा घाव बसला. तिसऱ्याला तो दारांच्या पलीकडे, खाली पडला.

बोटीचं नाक आता खूप खाली गेलं होतं. आतली कपाटं उघडून चिनीमाती फुटत होती, कोळशाचं पोतं घरंगळत पुढच्या दारावर आदळलं. विनी सुकाणूला लटकून राहिली. पुढच्या पायरीवर पाणी चढलेलं तिला दिसलं आणि तिने डोळे मिटले.

तेव्हा झडप पडली. एका दणक्यात. पाणी थांबलं.

तिने डोळे उघडले. तो वरच्या दारापाशी आला होता, तिच्यापासून चार हातांवर. लॉक पुन्हा भरायला वरची झडप उचलावी लागते. किल्ली तिथे लावलेली होती आणि तो थांबला होता. टोपीखाली अर्धं कपाळ आत गेलेलं होतं. तो तिच्याकडे बघत होता. का थांबलाय हे विनीला आधी समजेना.

मग समजलं. तिने सुकाणूवरचा एक हात सोडवला आणि वर केला.

झडप सावकाश उचलली गेली. पाणी आलं, बोट उंबरठ्यावरून अलगद उठली. विनीने आभार मानले की नाही, ते तिला आठवत नाही.

रोलंड खालच्या दारांमागे सापडला. धुक्यात पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं. तरुण हवालदाराने मात्र तिला बाजूला घेतलं. "बाई, कपाळावर किल्लीच्या भोकाचा ठसा आहे. चौकोनी. पण तुमच्या दोन्ही किल्ल्यांचं भोक मोठं आहे. एवढ्या लहान भोकाची किल्ली आता कुठल्या झडपेला लागत नाही." विनीने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्याने वही मिटली आणि तिला चहा आणून दिला.

बोट चौथ्या लॉकच्या वर बांधून ठेवली. हिवाळाभर विनी टॅम्सिनकडे राहिली. मनगटाचं दुखणं गेलं. रात्री ती दाराला कडी लावायची, मग लावेनाशी झाली. तिला झोप लागू लागली. आपण सुटलो, असं ती एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणालीसुद्धा, भांडी विसळताना.

मार्चमध्ये कालवा उघडला आणि बोटीला गिऱ्हाईक मिळालं. पाचव्या लॉकखाली नेऊन द्यायची होती. उरलेली दोन लॉक ती एकटी करणार होती. त्यासाठी रोलंडची किल्लीही तिने कमरेला लावली नव्हती, हेस्टरकडून दुसरी आणली होती. दुपारचे दोन वाजले होते. ऊन स्वच्छ होतं, काठावर पिवळी फुलं आली होती आणि धुक्याचा मागमूस नव्हता.

चौथं लॉक तिच्यासाठी भरून, वरचं दार उघडून ठेवलेलं होतं.

"आभारी आहे, मिस्टर टॉली," विनी म्हणाली. तिला भीती वाटली नाही. तिने बोट आत घेतली. आता दोर घेऊन वर चढायचं, मागचं दार लावायचं, म्हणून ती वळली, तर दार लागत होतं. हळूच, आवाज न करता. तिने मान झुकवली.

बोट अजून पांढऱ्या रेघेच्या मागे होती. इंजिन पुढे टाकायला तिने हात खाली नेला. पलीकडच्या काठावर कुणीतरी थांबलं असणार, तिच्या खुणेची वाट बघत. पलीकडची झडप जागची हलली नव्हती.

अलीकडची झडप, रोलंड उचलायचा ती, खट् खट् खट् करत उचलली गेली.

विनीने अजून हात वर केला नव्हता.